आजीच्या पुतळ्यांवर राम आहे की दुसराच कोणी?

रामबागची_लेक
मंडळी, लांबण लागणार आहे पण पूर्ण वाचा मग बोला. आजीची पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ माझ्याकडे आलीय. आजी जाऊन दोन वर्षं होतील आता, वाटणीचं भांडण वगैरे काही नाही, तिनंच रुमालात बांधून वर चिठ्ठी लावून ठेवली होती की ही हिला. २७ पुतळ्या आहेत, मधे मधे बारीक सोन्याचे मणी, मागं लाल रेशमाचा गोंडा, म्हणजे कधीकाळी लाल असणार, आता भाजक्या सुपारीच्या रंगाचा झालाय. धागा इतका विरलाय की माळ उचलताना जीव खालीवर होतो.

तर परवा म्हणलं इथं इंदूरच्या सराफ्यात जाऊन नवीन गाठवून घेऊ. दुकानाचं नाव सांगत नाही, आमच्या घरचे दोन पिढ्या तिथं जातात. त्यानं माळ धड बघितलीसुद्धा नाही, काट्यावर टाकली, कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणे, दीदी अब ये कौन पहनता है, गलवा लो, दो बढ़िया कंगन बन जाएँगे. वर हॉलमार्क नाही, डाग (झाळलेले सांधे) फार आहेत, इतकी घट जाईल, सगळं एका दमात. मी माळ उचलली, रुमालात बांधली आणि निघाले. दुकानं बंद व्हायची वेळ, समोरच्या ओट्यावर गराडूवाल्यानं (तळलेला कंद असतो तो) कढई चढवलीच होती, रागाच्या भरात एक प्लेट जास्त खाल्ली ते वेगळं.

आता खरा प्रश्न. घरी येऊन पहिल्यांदा नीट बघितली. प्रत्येक पुतळीवर एका बाजूला एक उभा माणूस, त्याच्यासमोर दुसरा गुडघ्यावर बसलेला, मधे काठी. उलट्या बाजूला लांबट गोलात कोणीतरी उभं आणि भोवती ठिपके. आजी सांगायची हा राम, समोर मारुती, मागं लक्ष्मी. आई म्हणते मारुती नाही, सीता. माझा मुलगा दहावीत आहे, त्यानं मोबाईलवर झूम करून बघितलं आणि म्हणाला, आई हा तर चर्चमधला फादर दिसतोय. आईनं त्याला जेवायला वाढायच्या ऐवजी पाठीत धपाटा घातला.

तर कोण आहे हा? आणि ही माळ ठेवण्यासारखी आहे का, की मी उगाच भावूक होतेय?

तिखट_पोहे
राम आणि मारुतीच आहेत. माझ्या सासूबाईंच्या माळेवरही तेच. दरवर्षी महालक्ष्म्यांना घालतो आम्ही. यात विचारायचं काय? आणि गलवू बिलवू नकोस, खबरदार.

नाणेवेडा_भिया
ताई, मुलाला धपाटा फुकट बसला, तो बराच जवळ पोचलाय. ही मूळ व्हेनिसची भानगड आहे. हो तेच, इटलीतलं, पाण्यातलं गाव.

१२८४ साली व्हेनिसनं सोन्याचं नाणं काढलं, डुकाट, पुढं त्यालाच झेक्किनो म्हणायला लागले. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ चोख. डावीकडं उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचं ग्रामदैवतच म्हणा. गुडघे टेकलेला तो तिथला राज्यप्रमुख, त्याला डोज म्हणायचे, आणि मधली काठी म्हणजे ध्वज आहे, संत तो त्याच्या हाती देतोय. म्हणजे राज्य देवाचं, मी नुसता सांभाळणारा. इंदूरकरांना हे वेगळं समजवायला नको, अहिल्याबाई हुकमावर स्वतःचं नाव न घालता श्रीशंकर लिहायच्या, तोच भाव. उलट्या बाजूला बदामी महिरपीत येशू उभा आहे आणि ते ठिपके म्हणजे चांदण्या. कडेनं लॅटिन ओळ असते, तिचा अर्थ असा की ख्रिस्ता, तू ज्याचा धनी आहेस ते हे राज्य तुलाच अर्पण.

आता मजा बघा, १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाचशेच्या वर वर्षं, हे चित्र बदललंच नाही. डोज बदलला की फक्त नाव बदलायचं. १७९७ ला नेपोलियननं ते राज्यच बुडवलं तेव्हा कुठं थांबलं. चित्र तेच, वजन तेच, कस तोच, म्हणून व्यापारी डोळे मिटून घ्यायचे. युरोपला आपली मिरी पाहिजे, मसाले पाहिजेत, कापड पाहिजे, आणि त्यांच्याकडचं आपल्याला काहीच नको, मग टाका सोनं! इजिप्तमार्गे तांबड्या समुद्रातून हे नाणं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोत्यानं उतरलं. नाण्यावर माणसं दिसली म्हणून आपण म्हणालो पुतळी. आणि सोनं हातात आलं की आपल्या बायका ते पेटीत ठेवतात का गळ्यात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

तिखट_पोहे
म्हणजे इतकी वर्षं आमच्या महालक्ष्म्यांच्या गळ्यात येशू?? काहीही!

सराफ्यातला_मुलगा
काकू शांत व्हा, तुम्हीही बरोबर आणि नाणेवेडाही बरोबर. आमच्या घरात आजोबांपर्यंत हे काम होतं (मी आता बँकेत आहे, हात फक्त कीबोर्डवर चालतो), म्हणून थोडं सांगतो.

खरी नाणी सगळ्यांना कुठून पुरणार. मग इथल्या सोनारांनी त्याचे ठसे केले. पत्रा पातळ लाटायचा, ठशावर ठेवायचा, वरून ठोकायचं, कडा कापायची, वर नाकं, म्हणजे ओवायची कडी, बसवून डाग द्यायचा, झाली पुतळी. पण ठसा कोरणाऱ्याला लॅटिन कुठं येतंय! त्याला ती अक्षरं म्हणजे कडेची नक्षी वाटायची. पहिल्या ठशात अक्षरासारखं अक्षर, त्याच्यावरून केलेल्या दुसऱ्यात वेडंवाकडं, तिसऱ्यात नुसत्या उभ्या काड्या. चित्राचंही तेच. संताचा अंगरखा कोरता कोरता उपरण्यासारखा होतो, ध्वजाच्या काठीचं धनुष्य होतं, बदामी महिरपीला पाकळ्या फुटतात आणि आत उभी असलेली मूर्ती लक्ष्मी होते. पुढं पुढं तर सोनार ठरवूनच राम-सीता, लक्ष्मी कोरायला लागले, कारण गिऱ्हाईक तेच मागत होतं. तर काकू, तुमच्या माळेत राम असेल तर तो रामच, आपल्या सोनारानं रामच म्हणून कोरलेला.

ताई, दोन कामं करा. एक, भिंग घेऊन प्रत्येक पुतळीची कड बघा, काड्या आहेत की वाचता येणारी अक्षरं. दोन, सुट्या करता आल्या तर एकेक तोलून बघा, पण माळ ओवणाऱ्यासमोरच सोडा, घरी धागा कापू नका, एक मणी पलंगाखाली गेला की गेला. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी उजळून घेऊ नका, तेजाबात बुडवलं की कडेचं बारीक काम पहिलं जातं आणि वजनही थोडं तिथंच राहतं. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस.

होळकरांचा_शेजारी
इंदूरचा आणि दागिन्यांचा विषय निघाला आणि अजून कोणी इंदूर पेअर्सचं नाव काढलं नाही? पेरूच्या आकाराचे दोन गोवळकोंड्याचे हिरे, आपल्या महाराज तुकोजीराव होळकर तिसऱ्यांनी १९१३ ला पॅरिसमध्ये शोमे या जवाहिऱ्याकडून घेतले, एकेक जवळपास ४७ कॅरेटचा! नंतर यशवंतराव दुसऱ्यांच्या गळ्यात, मराठी पोशाखातलं त्यांचं ते फ्रेंच चित्रकारानं काढलेलं चित्र बघा, काय रुबाब आहे. १९४६ ला हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं विकत घेतले आणि गेले अमेरिकेला.

सराफ्यातला_मुलगा
पेअर म्हणजे नासपाती भिया, पेरू नाही 😀

होळकरांचा_शेजारी
गोड आहे ना, मग झालं.

नंदलालपुरा_वाचनालय
मला त्या हिऱ्यांपेक्षा ताईंची माळ जास्त आवडली, खरं सांगतो. हिरा कुठंही गेला तरी हिराच राहतो, मालक फक्त बदलतो. पण पुतळीचं बघा, वस्तू तीच आणि दर्या ओलांडला की अर्थ पार बदलतो. मला असल्या गोष्टींचं वेडच आहे म्हणून आणखी दोनतीन लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

काळे मणी घ्या. आपल्याकडं काळी पोत म्हणजे सौभाग्य, दृष्ट लागू नये म्हणून सोन्याच्या दोन वाट्यांच्या बाजूला ओवलेली, नवरा गेला की पहिली उतरते ती तीच. आणि इंग्लंडमध्ये बरोब्बर उलटं. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेला, राणी व्हिक्टोरियानं काळे कपडे घातले ते १९०१ मध्ये स्वतः मरेपर्यंत उतरवले नाहीत. तिचं बघून सगळ्या देशात दुखवट्याच्या दागिन्यांची टूम निघाली, व्हिटबी नावाच्या समुद्रकाठच्या गावात जेट कोरणारे कारखानेच निघाले. जेट म्हणजे लाखो करोडो वर्षं गाडलं गेलेलं लाकूड, कोळशासारखं काळंकुट्ट, वजनाला हलकं, घासलं की आरशासारखं चमकतं. त्याच्या माळा, ब्रोच, आणि लॉकेटमध्ये गेलेल्या माणसाचे केस विणून ठेवलेले. म्हणजे इकडं नवरा आहे म्हणून काळे मणी, तिकडं नवरा नाही म्हणून. आपली एखादी आजी तिकडं मंगळसूत्र घालून उतरली असती तर लोकांनी तिचं सांत्वन केलं असतं.

दुसरी कवडी. तुळजापूरला आई भवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ बघितलीच असेल. गोंधळी येतात त्यांच्याही गळ्यात असते. ही कवडी समुद्रातली, मालदीवच्या बेटांवरून ढिगानं यायची, बंगालमध्ये तर बाजारात चालायची, आपण अजून म्हणतोच की फुटकी कवडी नाही. हीच कवडी डच आणि इंग्रज जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेली, तिथंही ती पैसा होती आणि दागिनाही, केसात, कपड्यावर, मुखवट्यावर शिवलेली. आणि त्याच कवड्या मोजून तिथं माणसं विकत घेतली, गुलाम म्हणून. इकडं देवीच्या गळ्यात आणि तिकडं हे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा देवघरातली कवडी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

आणि एक उलटा प्रवास. इराकमध्ये उर इथं १९२० च्या दशकात लेनर्ड वूलीनं खोदकाम केलं, साडेचार हजार वर्षांपूर्वीची राजघराण्यातली थडगी, पुआबी राणीच्या डोक्यावर सोन्याच्या पानांचा साज, एकावर एक पानं. त्या थडग्यांमध्ये लालबुंद अकीकाचे लांबट मणी निघाले, सिंधू संस्कृतीच्या कारागिरीचे. हा अकीक गुजरातमधला, खंबायतला आजही त्याचं काम चालतं. एका लांब मण्याला आरपार भोक पाडायला कारागिराचे कित्येक दिवस जायचे, दगड तेवढा कडक. म्हणजे आपण व्हेनिसचं सोनं घेत होतो त्याच्या जवळजवळ चार हजार वर्षं आधी मणी देत होतो.

साधा_प्रश्न
सगळं छान आहे पण व्यवहाराचं बोला. भाव बघितलाय का सोन्याचा? विकून एफडी करा, व्याज तरी येईल. माळ घालून पोह्याच्या दुकानात जाणार आहात का?

तिखट_पोहे
हो जाणार. तू थांब बिल द्यायला.

बासष्टची_आठवण
सोनं देऊन टाकायचं म्हणता तर एक सांगते. १९६२ च्या चीन युद्धात संरक्षण निधीला बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं होतं, माझ्या आईनं पाटल्या दिल्या. मी तेव्हा सात वर्षांची होते. पाटल्या निघेनात, साबण लावून काढल्या, मनगटावर पांढरा पट्टा राहिला होता तो मला अजून दिसतो. घरी येताना रस्ताभर ती तो हात पदराखाली धरून चालत होती.

नंतर कुठंतरी वाचनात आलं की १८१३ साली प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्यात, असंच झालं होतं. नेपोलियनशी लढायला पैसा पाहिजे म्हणून तिथल्या बायकांनी सोनं दिलं आणि त्यांना बदल्यात लोखंडाच्या अंगठ्या मिळाल्या, वर कोरलेलं की लोखंडासाठी मी सोनं दिलं. मग अशी फॅशन झाली की सोनं घालणारीला लोक नावं ठेवायला लागले आणि लोखंडाचा दागिना मिरवायचा, काळा, जाळीसारखा बारीक, बर्लिनचे कारागीर त्यात पटाईत. माझ्या आईला असली अंगठी मिळाली असती तर तिनं काय केलं असतं कोण जाणे, पण पावती तिनं मरेपर्यंत जपली, पाटल्या ठेवायची त्याच डबीत.

रामबागची_लेक
काकू, तुमचं वाचून एकदम गप्प झाले.

बरं, अपडेट. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं रविवारी भिंग घेऊन बसलो, मी, आई आणि ज्याला धपाटा बसला तो. २५ पुतळ्यांच्या कडेला नुसत्या काड्या आहेत, अक्षरं नाहीत, मागची देवी सरळ सरळ कमळात आहे, आई खूश. पण गोंड्याजवळच्या दोन वेगळ्या निघाल्या! दिसायला जास्त झिजलेल्या, जाड, आणि रंगाला पिवळ्याधमक. काठीच्या बाजूला वरून खाली तीन अक्षरं आहेत, डी, व्ही, एक्स अशी, आणि गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या मागं ए, एल, ओ, वाय, मग थोडं झिजलंय, मग एम, ओ, सी, ई, एन. त्या दोन धाग्यातून सुटायलाच आल्या होत्या म्हणून ओळखीच्या सोनाराकडं (वेगळ्या!) तोलल्या. एक ३.४ ग्रॅम नाकं धरून, दुसरी त्याच्याहून किंचित कमी. बाकीच्यांपैकी एक सैल होती ती ग्रॅमभरसुद्धा नाही.

नाणेवेडा_भिया
ताई बसा आधी. त्या दोन अस्सल आहेत असं समजायला हरकत नाही. डी व्ही एक्स म्हणजे लॅटिन डुक्स, त्यावरूनच डोज. आणि ते नाव अल्वीझे मोचेनिगो. या नावाचे चार डोज होऊन गेले, पहिला १५७० ला गादीवर आला आणि चौथा १७६३ ते १७७८. चौथ्याचं नाणं असेल तर हिशेब करा, तो तिकडं राज्य करत असताना इकडं १७६७ ला अहिल्याबाईंनी कारभार हातात घेतला. पहिल्याचं असेल तर मग शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं. एखाद्या नाण्यांच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा, फोटोवर भाव सांगणाऱ्याला नाही.

सराफ्यातला_मुलगा
आणि त्या दोन्हींचं नाकं काढून "मूळ नाणं करून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. डाग घासला की खाली खड्डा राहतो. ती नाकं पण आता दीडदोनशे वर्षांची झाली असतील, आपल्याच कोणा सोनारानं बसवलेली.

टोरांटोकर_इंदुरी
माझ्या बहिणीकडं अशीच माळ आहे, पुढच्या वर्षी इकडं घेऊन येणार आहे मुलीच्या लग्नात. चालेल ना?

नाणेवेडा_भिया
जपून. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं किंवा कलाकुसरीची वस्तू भारताबाहेर नेता येत नाही. लग्न इंदूरला करा, सराफा पण होईल.

साधा_प्रश्न
मागं घेतो एफडीचं. दोन पुतळ्यांपुरतं तरी 🙏

रामबागची_लेक
आईला सगळं वाचून दाखवलं. संत मार्कपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली, तो कोण असेल तो असू दे, तुझ्या आजीनं पन्नास वर्षं त्याला हळदकुंकू लावलंय, आता त्यालाही सवय झाली असेल. मुलाला रविवारी दोन जिलब्या जास्त वाढल्या, माफी मागायची तिची पद्धत.

गलवत नाहीये हे वेगळं सांगायला नको. त्या दोन पुतळ्या होत्या तिथंच, गोंड्याजवळ बसवणार, आजीनं नाहीतर तिच्या आजीनं काहीतरी विचार करूनच मागं मानेपाशी ठेवल्या असतील, जिथं कोणी बघत नाही. आता एकच अडलंय, माळ गाठवणारा चांगला पटवेकरी कोणाला माहीत आहे का? आमचा नेहमीचा म्हातारा झाला, डोळ्यांनी दिसत नाही त्याला आणि मुलं मोबाईल कव्हर विकतात. रेशमातच पाहिजे, नायलॉन नको.

तिखट_पोहे
पटवेकरी मिळाला तर मलाही कळव, माझी मोहनमाळ पण आहे ओवायची.

आणि ऐक, कोणाला सांगू नकोस. दुपारी सगळे झोपल्यावर सासूबाईंची माळ काढून भिंग लावून बघितली. तासभर बसले होते खिडकीत. मारुतीला शेपूट दिसत नाही गं कुठंच.